उत्तर: ते दुकान सरकारचं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये गाडीमागे फी घेतात, आणि आतलं पुस्तकांचं दुकान म्हणजे सरकारने दुसऱ्यांदा खिसा कापणं. हॉटेलांतली महागडी टी-शर्टची दुकानं खाजगी ठेकेदाराची, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको. पण व्हिजिटर सेंटरमधलं पुस्तकांचं दुकान योसेमिटी कॉन्झर्व्हन्सी ही ना-नफा संस्था चालवते आणि तिथली कमाई पार्कच्याच कामाला जाते. हे आजचं नाही. तिची मूळ संस्था 1923 सालची, 2010 मध्ये दोन संस्था एक होऊन सध्याचं नाव आलं.

आणि नुसती विक्री नाही. रानात मुक्कामाला जाणाऱ्यांना अस्वलापासून अन्न वाचवणारा डबाही हीच मंडळी भाड्याने देतात. आम्ही घेतला तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी झाकणाच्या खाचा नाण्याने फिरवून दाखवल्या, आणि मग आमच्याकडूनच तो उघडून घेतला. थालीपिठं आत जाणार हे गृहीत होतं, पण टूथपेस्ट आणि सनस्क्रीनही वासामुळे आतच, हे तिथे कळलं. डबा तंबूपासून लांब, सपाट जागी ठेवायचा. झाडाला टांगायचा नाही.