अनुभव धागा : पूर्ण सेट घालावा की जमेल ते जोडावे?

तळघर :
परवा भाच्याने फोनवर ‘मामा, गेनशिनमधल्या माझ्या बेनेटला कोणते आर्टिफॅक्ट घालू?’ असे विचारले (गेनशिन हा व्हिडिओ गेम, बेनेट त्यातले कॅरेक्टर आणि आर्टिफॅक्ट म्हणजे त्याच्या अंगावर चढवायच्या वस्तू) आणि मला एकदम डायब्लो २ मधली हिरवी अक्षरे आठवली. त्या खेळात जमिनीवर पडलेल्या वस्तूचे नाव हिरवे दिसले की ती एखाद्या सेटमधली, म्हणजे एकत्र घातल्यावर जादा फायदा देणाऱ्या वस्तूंच्या संचातली, आहे हे कळे, आणि मग उरलेल्या वस्तू मिळेपर्यंत जिवाला चैन नसे. २००१ मध्ये ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ हा विस्तार आला. त्यात सॉर्सरेस या जादूगारिणीसाठी ताल रशाचा पाच वस्तूंचा सेट होता: ऑर्ब (हातात धरायचा जादूचा गोळा), शिरस्त्राण, चिलखत, पट्टा आणि गळ्यातला ताईत. त्यातले चिलखत सर्वांत दुर्मीळ असल्यामुळे पुष्कळांचे चारावर अडलेले असे.

सेट पूर्ण होणे आणि कॅरेक्टर तयार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे माझे मत तेव्हाच बनले. हेल या सर्वांत कठीण पातळीवर आग, थंडी, वीज आणि विष या चारही प्रतिकारांतून १०० वजा होतात आणि कमाल मर्यादा ७५ आहे, म्हणजे प्रत्येकी १७५ जमवावे लागतात. अन्या या खेळातल्या पात्राच्या कामगिरीतून तिन्ही पातळ्यांवर मिळून ३० मिळतात. उरलेल्या १४५ ची तजवीज बहुतांशी अंगावरच्या वस्तूंतूनच करावी लागते. या बाबतीत ताल रशाचा सेट उदार आहे. अडचण येते ती मंत्र टाकण्याच्या वेगात. सॉर्सरेसचा वेग ६३ आणि नंतर थेट १०५ टक्क्यांच्या टप्प्यावर वाढतो, मधले आकडे वाया जातात. पूर्ण सेट घालून ऑर्बचे २०, उत्तम ‘स्पिरिट’ ढालीचे ३५, मेजफिस्ट हातमोज्यांचे २० आणि दोन अंगठ्यांचे दहा-दहा धरले, तरी बेरीज ९५ वर थांबते. १०५ हवे असतील तर सेटमधली एखादी वस्तू उतरवावीच लागते, आणि नेमकी ती उतरवायला हात धजत नाही.

आपापल्या खेळांतले असे निवडीचे अनुभव सविस्तर लिहावेत.

तिरफळ :
भाच्याला आधी हे सांगा, की बेनेटला अटॅक वाढवणारे आर्टिफॅक्ट घालू नकोस. त्याच्या बर्स्टमुळे, म्हणजे खास शक्तीमुळे, साथीदाराचा जो अटॅक वाढतो, तो बेनेटच्या आणि त्याच्या तलवारीच्या मूळ अटॅकवरून ठरतो. आर्टिफॅक्टमधून आलेला अटॅक त्या हिशोबात धरलाच जात नाही. त्याला एचपी (जीव) आणि एनर्जी रिचार्ज (बर्स्टची ऊर्जा भरण्याचा वेग) द्यावा आणि नोब्लेस ऑब्लिज या सेटच्या चार वस्तू घालाव्यात, म्हणजे बर्स्टनंतर १२ सेकंद संपूर्ण टीमचा अटॅक २० टक्क्यांनी वाढतो. पाचव्या वस्तूबद्दल कुकर उतरवून मग लिहिते.

घाटमाथा :
तिरफळताई, आम्ही शिट्ट्या मोजत बसलो आहोत.

गिरणीवाला :
डार्क सोल्सच्या पहिल्या भागात (२०११) प्रश्न संरक्षणाचा कमी आणि वजनाचा अधिक असतो. आपल्या क्षमतेच्या २५ टक्क्यांपर्यंत वजन ठेवले तर चपळ कोलांटी मारता येते, ५० पर्यंत मध्यम, आणि त्यापुढे कॅरेक्टर पोते आपटल्यासारखे जमिनीवर आदळते. हॅवेलचे चिलखत जड असूनही सगळेच ते घालू पाहतात. माझ्या मते मात्र त्या सेटपेक्षा हॅवेलची अंगठी अधिक मोलाची आहे, कारण ती वजनाची क्षमता ५० टक्क्यांनी वाढवते. फेवर अँड प्रोटेक्शनची अंगठी जीव, दम आणि क्षमता तिन्ही २० टक्क्यांनी वाढवते, पण एकदा बोटातून काढली की मोडते. त्यामुळे ती घातल्यापासून माझ्या खेळात अंगठ्यांची निवड एकाच बोटापुरती उरली आहे.

घाटमाथा :
काढली की मोडणारी अंगठी आमच्याकडेही आहे, परंतु सौ. हा धागा वाचतात म्हणून अधिक लिहीत नाही.

निवांत :
आपण सर्वजण फार आकडेमोड करता. आकडे मी दिवसभर ऑफिसात पाहतो. विचर ३ मध्ये मांजर पंथाचे चिलखत हलके, अस्वल पंथाचे जड आणि ग्रिफिन पंथाचे साइन, म्हणजे विचरचे छोटे मंत्र, वापरणाऱ्यांसाठी, एवढे मला ठाऊक आहे. तरीही मी ग्रिफिन निवडले ते केवळ घोड्यावर बसल्यावर ते शोभून दिसते म्हणून. २०१६ च्या ‘ब्लड अँड वाइन’मध्ये विचर चिलखतांना रंग देण्याची सोय झाल्यापासून माझा वेळ राक्षस मारण्यापेक्षा रंग शोधण्यात अधिक जातो.

तिरफळ :
कुकर उतरला. आर्टिफॅक्टच्या पाच जागांपैकी फूल नेहमी एचपीचे आणि पीस (पक्ष्याचे) नेहमी अटॅकचे असते, त्यामुळे त्या दोन जागी मुख्य गुणाचा प्रश्नच येत नाही. गॉब्लेटमध्ये (पेल्यात) मात्र सात एलिमेंट (मूलतत्त्वे), फिजिकल, एचपी, अटॅक, डिफेन्स, मास्टरी अशी गर्दी असल्यामुळे हवे ते सहसा मिळत नाही. सेटचा पूर्ण फायदा चार वस्तूंवरच मिळत असल्याने पाचवी जागा मोकळी राहते, आणि मुख्य डॅमेज देणाऱ्या कॅरेक्टरसाठी ती मी डोळे मिटून गॉब्लेटला देते, मग ते कुठल्याही सेटचे असो. आर्टिफॅक्ट मिळवण्याच्या एका खेपेला २० रेझिन (खेळातले आपोआप भरणारे इंधन) लागतात आणि आठ मिनिटांना एक रेझिन भरते, म्हणजे २ तास ४० मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर डिफेन्सचे गॉब्लेट हाती येते. तो संताप इथे शब्दांत मांडणे सभ्यतेला धरून होणार नाही.

शेजघर :
आमच्या घरी बाल्डर्स गेट ३ एकाच पडद्यावर दोघे खेळतो आणि वाद होतो तो गेल या जादूगार कॅरेक्टरवरून. जादूगाराने सराव नसलेले चिलखत घातले तर मंत्र टाकता येत नाहीत, म्हणून यजमान त्याला झग्यातच ठेवू पाहत होते. परंतु गेल मानव आहे, आणि या खेळात मानवांना हलके चिलखत आणि ढाल यांचा सराव जन्मजात असतो. तेव्हा चिलखत न घालता ‘मेज आर्मर’चा मंत्र, म्हणजे संरक्षणाचा आकडा १३ अधिक चपळाई, आणि शिवाय हातात ढाल, ही जोडी साध्या चामडी चिलखतापेक्षा सरस ठरते. ढाल दिल्यापासून तो बराच कमी वेळा आडवा होतो. यजमानांनी अजून हे उघडपणे मान्य केलेले नाही.

रानमेवा :
स्कायरिममध्ये आर्मरचा आकडा ५६७ झाला की संरक्षण ८० टक्क्यांवर थांबते, त्यामुळे ड्रॅगनच्या हाडांचेच चिलखत हवे हा हट्ट निरर्थक आहे. स्मिथिंग (लोहारकाम) वाढवले तर हलक्या चिलखतातही तिथवर पोचता येते. वाचलेल्या वजनात मी चीजची चाके वाहतो.

घाटमाथा :
तळघर, १०५ साठी तुम्ही शेवटी काय उतरवले, ते राहिलेच.

तळघर :
पट्टा. त्याजागी अ‍ॅरॅकनिड मेश घातला की २० टक्के वेग वाढून बेरीज ११५ होते. पूर्ण सेटचे सॉर्सरेसच्या कौशल्यांचे अधिक तीन जातात, त्याबदल्यात मेशचा एक मिळतो. चार वस्तू अंगावर राहत असल्याने मॅजिक फाइंडचे (चांगल्या वस्तू सापडण्याची शक्यता वाढवणारे) ६५ मात्र टिकतात. बॉसमागे धावणाऱ्या सॉर्सरेससाठी मला हा व्यवहार पटतो. तिरफळताई, बेनेटची माहिती भाच्याला पाठवली आहे, आणि आता तो गॉब्लेट म्हणजे काय ते मला समजावतो आहे.