थायलंडला इंग्रजी शिकवायला जाताना: टीईएफएलपेक्षा पदवीकडे बघा

१२० तासांचं टीईएफएल (इंग्रजी शिकवण्याचा प्रमाणपत्र कोर्स) केलं की थायलंडमध्ये शिकवायला पुरे, असं म्हटलं जातं. पुरत नाही. वर्क परमिटला पदवी लागते, आणि इंग्रजी मातृभाषा नसल्याने आपल्याकडून टोइक किंवा आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षांचे गुणही मागतात.

पुणे विद्यापीठाची पदवी हौसेने लॅमिनेट केली असेल तर आधी विद्यापीठातून दुसरी प्रत काढा. साक्षांकनाचा (पदवी खरी असल्याचा सरकारी) शिक्का मूळ कागदाच्या मागे बसतो, प्लास्टिकवर नाही. क्रम असा: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय, मग थाई दूतावास. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात. वडिलांचं नाव एकीकडे असेल नि दुसरीकडे नसेल तर प्रतिज्ञापत्र इथूनच करून न्या. पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) पासपोर्ट सेवा केंद्रातून, पण फार आधी नको, शिळं झालेलं चालत नाही.

टूरिस्ट व्हिसावर 'या, मग बघू' म्हणणारी शाळा सरळ सोडा. नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा हवा.

तिथे पोचल्यावर घरमालकाने २४ तासांत टीएम-३० (परदेशी माणूस घरी राहत असल्याची इमिग्रेशनला कळवायची नोंद) भरायचा असतो. बरेच जण टाळतात, आणि पुढे इमिग्रेशनमध्ये मुक्कामाच्या मुदतवाढीच्या खिडकीवर अडतं तुमचं. दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. दिवाळीला पुण्यात येणार असाल तर निघण्यापूर्वी री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी घ्या (एकदा परत येण्यासाठीचं १,००० बाट), नाहीतर मुदतवाढ तिथेच रद्द.