चर्चा : गोऱ्हा ओरडला नाही, म्हणजे त्याला दुखलंच नाही का?

कुटारवाला (यवतमाळ जिल्हा)

थंडी पडली की आमच्याकडं गोऱ्हे खच्ची करायचा हंगाम सुरू होतो. परवा शेजारच्या गोठ्यात एक गोऱ्हा दोरानं पाडला, चौघांनी दाबून धरला आणि चिमटा (अंडाच्या नळ्या बाहेरूनच चिरडायचा) लावला. भूल वगैरे काही नाही. पहिल्या दाबाला तो हंबरला, दुसऱ्याला गप्प. उठवल्यावर जागीच उभा राहिला, डोळे तारवटलेले, मांड्या थरथरून राहिलेल्या. जमलेल्या जाणत्यांनी लगेच निकाल दिला, "पाय, काही नाही झालं त्याले. ढोराले आपल्यावानी कळ नसते."

माझं मत उलटं आहे. त्याचं गप्प होणं हे भीतीचं लक्षण आहे. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत ओपिऑइड रिसेप्टर असतात, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं जिथं जाऊन चिकटतात त्या जागा. 1973 मध्ये त्या प्रयोगानं दाखवता आल्या. मग साहजिकच प्रश्न आला, प्राण्याच्या मेंदूला अफूसाठी जागा कशाला हवी? उत्तर 1975 मध्ये ॲबर्डीनला मिळालं. ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन वेगळं काढलं. शरीर आपली अफू आपणच तयार करतं. जिवावर बेतलं की ती सुटते आणि दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडवला जातो. वाघाच्या तावडीतून सुटलेल्या जनावरानं लंगडत बसायचं की पळायचं, त्याची ही सोय.

तेव्हा चिमट्याखाली गप्प झालेलं जनावर हे किती घाबरलं याचं माप आहे. भूल दिल्याशिवाय चिमटा लावू नये, असं माझं म्हणणं. बोला.

पटाचा_नाद (भंडारा)

भाऊ, तुम्हीच तं आमची बाजू मांडून राहिले! निसर्गानंच आतमधी सुई देऊन ठेवली, मंग दवाखान्याची दुसरी काहून पाहिजे? शंकरपटात, म्हंजे बैलाईच्या शर्यतीत, जोडी सुटली का बैलाचा खूर फाटला तरी तो थांबत नाही. रक्त मागाहून दिसते. आन् गाय विते तवा तिले कोण भूल देते? आमच्या आज्यानं चिमटाही पाह्यला नव्हता, दगडानं ठेचत होते. ते बैल पंधरा पंधरा वर्षं वावरात चालले. हे सारं शहरातून येते. 2014 मधी कोर्टानं पट बंद केले, 2023 मधी त्याच कोर्टानं मान्य केले. आता चिमट्याच्या मागं लागा.

ढोरांचा_डॉक्टर (अकोला)

पटवाल्या दादांच्या दोन मुद्द्यांना उत्तर देतो. राहिलेलं राजकारण तुमचं तुम्ही पाहा.

आधी गाईचं. 1980 मध्ये गाभण उंदरांवर काम झालं. विण्याचे दिवस जवळ येतात तशी त्यांची दुखणं सोसायची ताकद वाढत जाते. नालट्रेक्सोन दिलं, म्हणजे ओपिऑइडच्या जागा अडवल्या, की ही वाढ नाहीशी होते. म्हणजे शरीर विण्याची तयारी आधी कितीतरी दिवस करत असतं. गोऱ्ह्याला कोण आगाऊ कळवतो की बुधवारी तुला पाडणार आहोत?

आता आतल्या सुईचं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला लुईस, कॅनन आणि लिबेस्किंड यांनी उंदरांच्या पायांना विजेचे झटके दिले. काहींना सलग तीन मिनिटं, काहींना थांबून थांबून अर्धा तास. दोन्ही गटांचं दुखणं बधिर झालं. पण नालोक्सोननं (तेही ओपिऑइडच्या जागा अडवणारंच) फक्त दुसऱ्या गटाचा बधिरपणा गेला, पहिल्याचा तसाच राहिला. भीतीनं दुखणं दबण्याच्या वाटा एकाहून जास्त आहेत, आणि कुठली उघडेल हे ताण कसा आणि किती वेळ यावर ठरतं. असल्या बेभरवशाच्या गोष्टीला मी भूल म्हणणार नाही. शिवाय हा बधिरपणा थोड्या वेळाचा. चिमट्यानं शुक्रनळी आणि रक्तवाहिन्या चिरडतात, त्यानंतरची सूज कितीतरी दिवस राहते.

तर्कट

मी कोणाच्याच बाजूनं नाही, पण डॉक्टरसाहेब, उंदराच्या पंजाला झटका आणि चारशे किलोच्या बैलाला चिमटा, या दोन गोष्टी एका तराजूत कशा? प्रयोगशाळेतला उंदीर पिंजऱ्यात जन्मलेला. आपला गोऱ्हा माणसांच्या हातात वाढलेला, वेसण घातलेला. ताण सारखाच येतो हे कशावरून?

ढोरांचा_डॉक्टर (अकोला)

मोठ्या जनावरावरचंही आहे. घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून पिळा देतात, मग घोडा शांत उभा राहतो. जुनी युक्ती. 1984 मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी पाहिलं तर पिळा दिल्यावर रक्तातलं एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचीच अफू, वाढतं, आणि नालोक्सोन आधी दिलं तर पिळ्याचा गुण येत नाही.

तर्कट

तो पिळा मीही वाचला आहे, आणि पुढचंही वाचलं आहे. ओठाला पिळा दिला की पहिली पाचेक मिनिटं काळजाचे ठोके मंदावतात, त्यानंतर वाढायला लागतात. कानाला पिळा दिला तर पहिल्यापासूनच वाढतात. जनावर दोन्ही वेळा सारखंच शांत दिसतं. म्हणजे तुमचं उदाहरण पटवाल्यांच्या विरोधात जातं हे खरं, पण तुमचाही पेच आहे : बाहेरून पाहून भूल लागली की भीती बसली, हे तुम्ही दवाखान्यात तरी कसं ओळखता?

गोठ्यातली (वाशीम)

कसं ओळखता म्हणजे? रात्री गोठ्यात जाऊन. पुरुष मंडळी चिमटा लावून चहा प्यायला जातात, मागचं आम्ही पाहतो. आमच्या गोऱ्ह्यानं त्या संध्याकाळी कुटाराला तोंड लावलं नाही. ढेप समोर ठेवली, नुसती हुंगली. मागचे पाय फाकवून उभा, बसायला गेला की अर्ध्यातून परत उठायचा. कान पडलेले. रवंथ बंद, हे मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण रवंथ न करणारी शांतता ही शांतता नसते. दुपारी "काही नाही झालं" म्हणणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा तिथं नव्हता.

दुसरं डॉक्टरांना विचारायचं आहे. उन्हाळ्यात चारा संपलेला, ढोरं हाडकलेली, बाजारात चार ठिकाणी फिरवून परत आणलेली. अशा वेळी साधी सुई टोचली तरी ती लाथ मारतात. तुमच्या हिशोबानं ताणानं दुखणं कमी व्हायला पाहिजे ना?

ढोरांचा_डॉक्टर (अकोला)

ताई, अचानक आलेला ताण वेगळा आणि रोजचा वेगळा. उंदरांना आठवडेच्या आठवडे रोज थोडा वेळ जखडून ठेवलं तर ते दुखण्याला जास्त हळवे होतात, कमी नाही. हाडकलेल्या ढोराच्या लाथेत भुकेचा आणि चिडचिडीचा वाटा असेलच, पण हेही एक कारण असू शकतं. म्हणून मी म्हणतो, खच्ची करायचंच तर धडधाकट जनावर, लहान वयात.

आणि तर्कटराव, माझ्याकडं लिग्नोकेन असतं, म्हणजे टोचलेली जागा बधिर करणारं औषध; अफूपासूनचं मॉर्फिन नाही. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यापायी खेड्यातला डॉक्टर त्या वाटेला जातच नाही. गुंगीसाठी झायलाझिन देतो, ते ओपिऑइडच्या जागांवर काम करत नाही, आणि गाई-बैलांना ते घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यानं पुरतं. नळीपाशी लिग्नोकेन टोचायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग चिमटा. सूज-दुखीला मेलोक्सिकॅम. डायक्लोफिनॅक मागू नका, ढोरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, गिधाडं मेली त्यानं. खरी अडचण त्या पाच-दहा मिनिटांची आहे. लोक म्हणतात, डॉक्टर, उरका लवकर, पाडणाऱ्यांना वावरात जायचं आहे.

पटाचा_नाद (भंडारा)

कायदा आमच्या बाजूनं हाय बरं. 1960 च्या क्रूरता कायद्यातच लिहून ठेवलं हाय का ठरवून देलेल्या रीतीनं खच्ची करणं, वेसण घालणं, डाग देणं हे गुन्ह्यात येत नाही.

गोठ्यातली (वाशीम)

गुन्हा नाही म्हणजे दुखत नाही, असं कुठल्या कलमात आहे? आणि दादा, एक सांगा. ढोराले कळ नसते, तर तुतारीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर (टोकदार खिळा) कशाला ठोकता?

पटाचा_नाद (भंडारा)

पटात आर चालत नाही, नियमात मनाई हाय. वावरातल्या तुतारीचं म्हणसान तं... बरं, कळ नसते असं मी नाही म्हटलं, ते कुटारवाल्याच्या गावचे जाणते म्हणाले. माझं म्हणणं येवढंच हाय का बैल सोसते, आन् त्याले सोसायची ताकद देल्ली हाय.

कुटारवाला (यवतमाळ जिल्हा)

ताकद आहे म्हणून ती खर्चायला लावायची? बुधवारी आमच्या घरचा गोऱ्हा आहे. डॉक्टरांनी सांगितलं तसंच करणार, टोचल्यावर दहा मिनिटं घड्याळ लावून. बाबांचा अजून विरोध आहे.

पटाचा_नाद (भंडारा)

लावा घड्याळ. पण दहा मिनिटं त्याले खाली दाबून धरणारे चार जण कोण आणते, ते पयले सांगा. आमच्या गावात सध्या दोनच सापडतात, आन् तेही कापूस येचाच्या दिवसात नाही.