विषय: ओहायोचा रॉड, शिवोलीचा चोणक

प्रेषक: शिवोलीकर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेहून गोव्याला परत येऊन सहा वर्षं झाली तरी मंडळाच्या ई-मेल यादीवरून माझं नाव कुणी काढलेलं नाही. गणपतीच्या हॉलचं भाडं आणि दिवाळीच्या फराळाचे हिशेब इथे बसून निमूट वाचतो. आज त्याच हक्काने एक काम सांगतोय.

अ‍ॅक्रनचे काका डिसेंबरात गोव्याला येणार असं कळलं. काका, माझ्यासाठी एक कास्टिंग रॉड आणाल का? शंभर ते दीडशे डॉलरमधला. तुम्ही तिथल्या बास माशासाठी वापरता तसला, प्लास्टिकच्या गांडुळांनी मासेमारी करायचा. इथे मला तो चोणकासाठी हवाय. (अलिबागकरांनी चोणकाच्या जागी जिताडा वाचावं.) रीळ माझ्याकडे आहे.

जुना रॉड गेल्या महिन्यात गेला. ऑनलाइन मागवलेला, स्वस्तातला. शापोरा नदीच्या काठी ओहोटीला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दरवाजाच्या) बाहेर बांधावर उभा होतो. आत नव्हे, आतल्या मासळीचा हक्क लिलावात घेणाऱ्याचा. दीडेक किलोचा चोणक बांधाच्या दगडांपाशी आला, मी रॉड आभाळाकडे उचलला आणि 'कट्'! टोकाकडची वीतभर काडी दोऱ्यावरून घसरत पाण्यात. बाजूला पाग (फेकायचं जाळं) सुकवत बसलेला म्हातारा म्हणाला, "ही काठी न्हय रे, उदबत्ती."

आपला, शिवोलीकर

प्रेषक: अ‍ॅक्रनचे काका

अरे शिवोलीकर,

आणतो. पण आधी उदबत्तीचा निकाल लावू. रॉड स्वस्त होता म्हणून मोडला नाही, तू मोडलास. मासा पायाशी असताना रॉड उभा केला की सगळा वाक टोकाच्या वीतभर भागात जमा होतो. खालचा जाड भाग, ज्याने वजन पेलायचं, तो नुसता बघत राहतो. दीडशे डॉलरचा ग्रॅफाइटही तसाच मोडेल, किंबहुना लवकर. मासा जवळ आला की रॉड आडवा धर आणि जाळी वापर.

आता गांडुळाचं. हे आमच्या गावचं अपत्य, त्यामुळे मला जरा जास्त बोलायचा अधिकार आहे. निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये इथे अ‍ॅक्रनमध्ये, बायको कॉस्माला हाताशी धरून, घरच्या स्वयंपाकघरात व्हायनिल वितळवून पहिली गांडुळं ओतली. पुढे धंदा टेक्सासात टायलरला गेला.

टेक्सास रिग, म्हणजे गांडूळ गळाला लावायची पद्धत, तुला ठाऊक असेल, तरी सांगतो, कारण रॉडची निवड त्यातच आहे. दोऱ्यात बंदुकीच्या गोळीसारखं मोकळं शिसं, पुढे ३/० किंवा ४/० चा वाकड्या मानेचा गळ. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यातून पाव इंच आत घालून बाहेर काढायचं, फिरवायचं, आणि परत गांडुळाच्या अंगात लपवायचं. मग ते शेवाळात, फांद्यांत सहसा अडकत नाही. पण त्यामुळेच हिसका देताना गळाला आधी प्लास्टिक फोडायचं असतं आणि मग माशाचा जबडा. लवचीक रॉडने हिसका दिला तर सगळा जोर रॉडच्या वाकण्यातच जिरतो. मासा गांडूळ थुंकून निघून जातो आणि आपण म्हणतो, आज मासाच नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे हाताला कळणं. गांडूळ ओढत नेत नाहीत. तळाला टेकू द्यायचं, टोक जरासं उचलायचं, परत खाली बसू द्यायचं. बास ते बहुतेकदा खाली बसतानाच घेतो. दोरा सैल असतो तेव्हा. हाताला येते ती एक बारीक 'टिक', दाराआड कुणी नखाने टकटक केल्यासारखी. कधी तीही नाही, दोरा नुसता बाजूला सरकू लागतो. म्हणून टोक नाजूक आणि खालचं अंग ताठ, असा रॉड हवा.

हे दोन्ही मिळतं 'मीडियम हेवी' ताकदीच्या आणि 'फास्ट' अ‍ॅक्शनच्या रॉडमध्ये. ताकद म्हणजे वाकवायला लागणारा जोर, अ‍ॅक्शन म्हणजे वाक कुठून सुरू होतो ते. दुकानातली पोरंसुद्धा या दोहोंत गल्लत करतात. लांबी सात फूट. मुठीच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: दोरा १२ ते २० पौंड, आमिष पाव ते पाऊण औंस. पाव औंस म्हणजे सात ग्रॅम. तुझी शिशाची गोळी सात ग्रॅमची, गांडूळ आणि गळ धरून पंधराच्या आसपास. म्हणजे पट्ट्याच्या बरोबर मध्ये बसलास.

दुकानात मी स्वतःचं रीळ घेऊन जातो. ते लावून रॉड रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलायचा. टोक खाली पडत असेल तर परत ठेवून द्यायचा. गांडुळाच्या मासेमारीत टोक तासन्‌तास वर धरावं लागतं आणि संध्याकाळी मनगट बोलायला लागतं. मग कान साफ करायची कापसाची काडी दोरा ओवायच्या प्रत्येक कडीच्या आतून फिरवायची. कापूस अडकला तर कडीला तडा आहे, ती दोरा कापणार. विक्रेता विचित्र नजरेने बघतो. बघू दे.

दीडशेच्या वर जाऊ नकोस. वरच्या किमतीत काडी हलकी होते आणि टिक जास्त स्पष्ट येते, हे खरं. पण हलकी काडी बांधाच्या दगडावर एकदा आपटली की संपली. उलट टोकाला अग्ली स्टिक नावाची काठी, १९७६ पासूनची. तिच्यावरून बैलगाडी गेली तरी चालेल, पण तळाची बातमी हातापर्यंत पोहोचेतो शिळी होते.

काका

प्रेषक: डॅलसची ताई

काकांचं सगळं मान्य, फक्त सात फूट सोडून.

मी पाच फूट एक इंच. लेक फोर्क तलावावर माझ्या नवऱ्याच्या सात फुटी रॉडने पहिलं वर्षं काढलं आणि मुठीचं खालचं टोक प्रत्येक फेकीला कोपरात खुपायचं. सहा फूट आठ इंची घेतला, खालची मूठ आखूड, तेव्हापासून माझे गळ लागायला लागले. शिवोलीकर, तुझी उंची किती ते काकांना कळव. लांबीपेक्षा मूठ बघा. आणि तू जर खारफुटीत होडीतून फेकणार असशील तर वरच्या फांद्यांना सात फूट फार होतात.

दोन गोष्टी कुणीच सांगत नाही. एक, मऊ गांडुळं आणि कडक प्लास्टिकची आमिषं एका खोक्यात ठेवू नकोस. मऊ प्लास्टिक कडक प्लास्टिकला खातं, पंधरा दिवसांनी सगळ्याचा चिकट लगदा. काळी आणि पांढरी गांडुळंही वेगळी ठेव, रंग एकमेकांत उतरतात. गोव्याच्या मे महिन्यात गाडीत तर मुळीच नको. दुसरी, फाटलेलं गांडूळ पाण्यात टाकायचं नाही, खिशात.

आणि चोणक म्हणजे बास नव्हे, काका. ऑस्ट्रेलियावाले त्यालाच बारामुंडी म्हणतात. त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते. शिवोलीकर, पुढे दोन हात चाळीस पौंडाचा लीडर (गळाजवळचा जाड दोरा) बांधतोस ना?

प्रेषक: शिवोलीकर

ताई, बांधतो. न बांधता दोन गमावले, तेव्हा शिकलो. उंची पाच फूट आठ, उभा राहतो बांधावर, होडी नाही. तेव्हा सात फूटच, पण मुठीबद्दल काकांनी लक्ष ठेवावं.

शिवाय चोणकाचं 'टिक' वगैरे नसतं. मानशीतून पाणी बाहेर पडतं तिथे कोळंबी वाहत येते आणि हा प्रवाहाकडे तोंड करून उभा. घेतो तेव्हा तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो, अंधारात 'बळक्' असा आवाज येतो आणि हात खांद्यातून जातो. टिक येते ती तामशाची. तांबोशी हो, खारफुटीच्या मुळांच्या जाळ्यातली. ती घेऊन परत मुळांत शिरायच्या आत वळवावी लागते, म्हणून ताठ अंगाचा रॉड मला बासवाल्यांपेक्षाही जास्त हवा.

एकच शंका, इथे पाणी खारं. दर वेळी घरी येऊन गोड्या पाण्याने धुतो, तरी जुन्या रॉडच्या कड्यांच्या पायाशी तांबूस झालंच होतं.

प्रेषक: अ‍ॅक्रनचे काका

स्टेनलेसच्या कड्यांना ते होतंच, टायटॅनियम आपल्या बजेटात नाही. रीळही धू, पण नळाच्या धारेखाली धरू नकोस, मीठ आणखी आत जातं. ओला फडका पुरे.

काल दुकानात जाऊन आलो. पंचाईत अशी की इथले बरेचसे बास रॉड एकसंध. सात फूट म्हणजे ८४ इंच, आणि विमानात सामानाची लांबी-रुंदी-उंची मिळून ६२ इंचांत बसवायची. म्हणून दोन तुकड्यांचाच शोधला. पूर्वी जोडापाशी काडी मेल्यासारखी वाटायची. आताचे जोड चांगले आहेत, मी डोळे मिटून टोक कार्पेटवर घासून पाहिलं, कापडाचा पोत हाताला कळत होता. मीडियम हेवी, फास्ट, कॉर्कची मूठ, कोपराला लागत नाही. ११९ डॉलर अधिक टॅक्स. घेतला.

पीव्हीसीचा तीन इंची पाइप ४५ इंचांवर कापून दोन्हीकडे झाकणं लावली आहेत. रिकाम्या जागेत तुझी काकू पायमोजे कोंबणार आहे, त्यामुळे रॉड हलणार नाही. जोड लावताना जोरात पिळू नकोस. आधी कड्या थोड्या तिरक्या ठेवून सरळ आत घाल, मग हलकेच फिरवून त्या एका रेषेत आण.

पैशाचं नंतर बघू. त्या पाग सुकवणाऱ्या म्हाताऱ्याला सांगून ठेव, एक चोणक मला हवाय, रवा लावून तव्यावरचा. तू पकडलेला असला पाहिजे असं नाही.

विमान मोपाला उतरतंय, दाबोळीला नव्हे. शिवोलीहून गाडी घेऊन येशील ना?

प्रेषक: शिवोलीकर

येतो काका. मागची सीट रिकामी ठेवतो, पाइप तिथे आडवा ठेवू.