मदत हवी आहे : शुगरमुळे नवरा-बायकोतलं अंतर

ताई-दादांनो, नाव न देता विचारते. आम्ही दारव्ह्याकडचे, कापूस-तुरीची शेती. ह्यांचं वय 47. शुगर आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) 9.4 आली, म्हणजे बरीच जास्त. बीपीची गोळी चालू, अन् तंबाखू-सुपारीचा खर्रा काही सुटत नाही. गेल्या वर्षापासून ह्यांना ताठरता टिकत नाही. उन्हाळ्यात उकाड्याचं कारण सांगून अंगणात बाज टाकली, ती आता कापूस वेचणीला आला तरी तिथंच आहे.

वाढलेल्या शुगरने बारीक रक्तवाहिन्या अन् नसा खराब होतात, तंबाखूनेही रक्तपुरवठा कमी होतो, बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो, एवढं वाचलं. हृदयविकाराची ही आधीची खूण असू शकते, म्हणून जीव जास्तच घाबरतो. हे मात्र बसस्टँडजवळच्या ‘गुप्तरोग’वाल्याकडून चूर्ण आणतात. त्यात काय कालवलंय कोणास ठाऊक!

माझंही आहे. पाळी बंद व्हायला आली, कोरडेपणामुळे संबंधाच्या वेळी आग होते. मी अंग चोरते, अन् ह्यांना वाटतं मला हे नकोच झाले.

यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आधी कोणत्या ओपीडीत दाखवावं? बीपीची गोळी डॉक्टरांकडून बदलून घेतल्यावर कोणाला फरक पडला का? कोरडेपणासाठी डॉक्टरीणबाईंना कसं सांगू? अन् मुख्य म्हणजे, ह्यांना न दुखावता दवाखान्यात कसं न्यावं? अनुभव असेल त्यांनी मेसेज केला तरी चालेल.