कालवांच्या हॅचरीत सोडा टाकला, म्हणजे समुद्राचा प्रश्न मिटला का?

पश्चिमवारा

मागे इथेच एका चर्चेत कुणीतरी लिहिलं होतं, "समुद्राचं पाणी आम्लधर्मी होतंय ही ओरड आता जुनी झाली. अमेरिकेत कालवांच्या हॅचरीवाल्यांनी पाण्यात सोडा टाकला आणि प्रश्न संपला." मी ओरेगॉनमध्ये राहतो आणि हे प्रकरण जवळून वाचत आलोय. सोड्याची गोष्ट खरी आहे. प्रश्न संपल्याची नाही, म्हणून हा धागा.

ओरेगॉनच्या किनाऱ्यावर नेटार्ट्स नावाची उथळ खाडी आहे आणि तिच्या काठावर व्हिस्की क्रीक ही हॅचरी, म्हणजे कालवांची पिल्लं तयार करायची जागा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बरेच कालवंवाले बी, म्हणजे वाढवायची पिल्लं, तिथूनच घेतात. इकडे वाढवलं जाणारं कालव मूळचं जपानचं, आणि इथल्या थंड पाण्यात ते बहुतेक ठिकाणी भरवशाने वीत नाही. त्यामुळे हॅचरी बंद पडली की धंद्याची पुढची काही वर्षं धोक्यात.

२००७ आणि २००८ मध्ये हॅचरीतले लार्वा, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, टाक्याच्या टाक्या मरू लागले. आधी संशय व्हिब्रिओ जिवाणूवर गेला. पाणी गाळायची महागडी व्यवस्था बसवली, तरी मर थांबेना. मग लक्षात आलं की उत्तरेकडून जोराचा वारा सुटला की थोड्याच दिवसांत मर लागते. उन्हाळ्यात तो वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी समुद्रात ढकलतो आणि त्याच्या जागी खोलातलं थंड पाणी वर येतं. या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो. अॅलन बार्टन, बर्क हेल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ च्या उन्हाळ्यातल्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निबंध छापला. लार्वांचे पहिले ४८ तास ज्या पाण्यात गेले, त्या पाण्याच्या रसायनावर त्यांची पुढची वाढ ठरत होती. मर मात्र कित्येक दिवसांनी दिसायची, त्यामुळे कारण हाती लागत नव्हतं.

आज तिथे पाण्यावर सतत नजर असते, टाक्या शक्यतो दुपारनंतर भरतात आणि गरजेप्रमाणे सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) मिसळतात. हॅचरी तगली. पण खाडीत आणि बाहेर समुद्रात सोडा कोण मिसळणार?

रोखठोक

धागा चांगला आहे, पण मला पटत नाही. मुद्द्यांवर बोलतो.

समुद्राचा पीएच औद्योगिक क्रांतीपूर्वी साधारण ८.२ होता, आता ८.१ च्या आसपास आहे. ७ च्या वर असलेलं पाणी अल्कधर्मीच. त्याला 'आम्ल समुद्र' म्हणून लोकांना घाबरवणं मला चुकीचं वाटतं. 'आम्लतेत ३० टक्के वाढ' हा आकडा तर मुद्दाम फेकतात. ०.१ चा फरक सांगितला तर कुणी बघणार नाही, म्हणून हायड्रोजन आयनांचे टक्के.

तुम्हीच लिहिलंत की टाक्या दुपारनंतर भरतात. म्हणजे पहाटे आणि दुपारी पाणी वेगळं असतं. उथळ खाडीत समुद्रगवत दिवसा कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, रात्री सोडतं. तो रोजचा चढउतार शंभर-दीडशे वर्षांच्या बदलापेक्षा मोठा. जे जीव रोज हे सोसतात त्यांना ०.१ ने काय होणार?

आणि शिंपल्यांची चिवटाई बघा. मारियाना बेटांजवळ समुद्राखालच्या एका ज्वालामुखीपाशी पीएच ५.३६ इतक्या खऱ्याखुऱ्या आम्ल पाण्यात शिंपल्यांचे थवे सापडलेत. २००९ च्या आणखी एका प्रयोगात कवच बांधणाऱ्या १८ जाती वाढत्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवल्या. खेकडे, शेवंड, कोळंबी यांची कवचं उलट जाड झाली, आणि निळ्या शिंपल्यावर काहीच परिणाम दिसला नाही.

शेवटचं, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं. आम्लतेने प्रवाळातल्या माशांचं वागणं बिघडतं, ते वासावरून शत्रू ओळखू शकत नाहीत, असं दहा वर्षं छापून येत होतं. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग मोठ्या संख्येने करून पाहिले, परिणाम सापडला नाही. या विषयात घाईने निष्कर्ष काढायची सवय आहे, म्हणून मी सावध आहे.

अबोली

एक साधी शंका. मोठी कालवं त्याच खाडीत जिवंत राहतात ना? मग फक्त पिल्लंच का मरतात?

रसायनी

अबोलीताईंच्या प्रश्नातच रोखठोक यांच्या निम्म्या मुद्द्यांचं उत्तर आहे, म्हणून आधी तेच घेते. (मी रसायनशास्त्र शिकवते.)

शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे तो याचमुळे. पण कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक दोन प्रकारचे. मोठं कालव बहुतांशी कॅल्साइटचं कवच बांधतं, ते तुलनेने कमी विरघळतं. लार्वा बांधतो ॲरागोनाइटचं, ते लवकर विरघळतं. मोठ्या कालवाकडे जाड कवच असतं, अन्न खाऊन ताकद येते, आणि पाणी वाईट असलं तर तोंड मिटून बसायची सोय असते.

आता लार्वा बघा. अंड्यातून झालेला जीव मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. सूक्ष्मदर्शकाखाली आधी नुसता पोहणारा ठिपका दिसतो, कवच नाही. दोन दिवसांत तोच एक बाजू सरळ आणि एक गोल अशा पारदर्शक कवचात बसलेला दिसतो, आणि त्याच्या वजनाचा नव्वद टक्क्यांच्या आसपास भाग आता कवचाचा असतो. हे सगळं बांधकाम त्याने काही खायच्या आत, आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर करायचं असतं. पाण्यात कार्बोनेट कमी असेल तर तेवढंच कवच बांधायला जास्त ऊर्जा जाते. शिदोरी संपते, आणि खायची यंत्रणा अजून नीट तयार झालेली नसते. मग तो लगेच मरतो असं नाही. खुरटतो आणि काही दिवसांनी जातो. नेटार्ट्समध्ये मर उशिरा का दिसायची ते यावरून समजतं.

म्हणून रोखठोक, पीएच ७ च्या वर की खाली हा प्रश्न लार्वासाठी गैरलागू आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मुरला की कार्बोनिक आम्ल होतं. त्यातून सुटलेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करतात. पाणी अल्कधर्मी राहूनही कार्बोनेट घटतं. वॉल्डबुसर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमकं हेच वेगळं काढलं. प्रयोगशाळेत पीएच, कार्बन डायऑक्साइड आणि ॲरागोनाइटची संपृक्तता (कवच बांधायला लागणारे घटक पाण्यात कितपत पुरेसे आहेत त्याचं माप) या गोष्टी एकमेकींपासून सोडवून तपासल्या, तर लार्वांच्या कवचाचा विकास बिघडतो तो संपृक्तता घसरली की. संपृक्तता चांगली ठेवली तर कमी पीएचमध्येही कवच ठीक बनत होतं.

पश्चिमवारा

रसायनीताई, धन्यवाद. रोजच्या चढउताराबद्दल मी लिहितो.

चढउतार मोठा आहे हे मान्यच. पण लार्वाला रोजची सरासरी भेटत नाही, त्याच्या पहिल्या दोन दिवसांचं पाणी भेटतं. पातळी सरसकट थोडी खाली गेली की चांगल्या पाण्याचे तास कमी होतात आणि वाईट तास आणखी वाईट. हॅचरी दुपारपर्यंत थांबू शकते. खाडीत उघड्यावर फलित झालेल्या अंड्याला थांबता येत नाही.

वर येणाऱ्या पाण्याची आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. रिचर्ड फीली यांच्या गटाने २००७ मध्ये कॅनडापासून मेक्सिकोपर्यंत बोटीने मोजमाप केलं आणि २००८ मध्ये छापलं. ते पाणी हवेला शेवटचं लागलं होतं सुमारे ५० वर्षांपूर्वी. म्हणजे आज किनाऱ्याला येतंय त्यात जुन्या हवेचा कार्बन आहे. आज मुरतोय तो पुढच्या पिढीतल्या कालवंवाल्यांसमोर येणार, आपण आज काहीही केलं तरी.

रसायनी

राहिलेले मुद्दे. मारियानाच्या शिंपल्यांबद्दलचा तोच निबंध पूर्ण वाचा. त्यांचं कवच चांगल्या पाण्यातल्या त्याच गटातल्या शिंपल्यांच्या जवळजवळ निम्म्या जाडीचं होतं. कवच फोडणारे खेकडे तिथे नव्हते, म्हणून ते टिकले असावेत असं लेखकांनीच म्हटलंय. १८ जातींच्या प्रयोगात १० जातींचं कवच बांधणं मंदावलं, त्यात कालव होतं. शेवंडीला फायदा झाला म्हणून कालवाचं नुकसान भरून निघत नाही.

माशांच्या वागण्याबद्दल २०२० मध्ये निघालेला निष्कर्ष मला योग्य वाटतो, विज्ञानाने तसंच तपासायला हवं. पण कार्बोनेट कमी होणं हे विद्यार्थी टायट्रेशन करून दाखवू शकतात. दोन्हींना एका माळेत ओवू नका.

मालवणी_मचवा

मी वाचतोय मघापासून. मला ना रोखठोकांचं पूर्ण पटतं ना तुमचं.

आमच्याकडे कालवं बाया ओहोटीला कातळावरून फोडून आणतात, आणि तिसऱ्या (वाळूत राहणारे छोटे शिंपले) खाडीच्या वाळूतून चाळून. यात हॅचरी नाही की बी नाही, जे आहे ते खाडी देते. या खाड्यांचं वाटोळं होतंय ते वाळू उपशाने, गटाराने आणि भराव टाकल्याने. ड्रेजरने तळ खरवडून काढला की तिसऱ्यांना बसायला जागाच उरत नाही, मग पाण्यात कार्बोनेट असो नसो. गोव्यात चिखलीच्या खाडीत पूर्वीच्या खिडक्यांना लावायच्या त्या पातळ शिंपल्या अजून मिळतात. तिथल्या लोकांची भीतीही गाळाची आणि जहाजांची आहे. पावसाळ्यात खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं तेव्हा होणारी मर वेगळीच.

तुम्ही ओरेगॉनचं सांगता तेव्हा इथला अधिकारी खूश होतो, कारण हवामानावर ढकललं की वाळूवाल्याला हात लावावा लागत नाही. हा माझा खरा राग आहे.

रोखठोक

मचवा यांना पूर्ण सहमती. पैसा आणि माणसं मर्यादित असतात. आधी वाळू आणि सांडपाणी.

पश्चिमवारा

मचवा, तुमचा राग रास्त आहे आणि वाळूचं तुम्ही म्हणता ते मी कुठेच नाकारत नाही. पण 'आधी हे, मग ते' मला पटत नाही, कारण तुमच्या किनाऱ्यावरही खालचं पाणी वर येतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचं पाणी उथळ भागात सरकतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिथे असतं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोर वर्षानुवर्षं हे मोजलंय. ज्या कुजण्याने पाण्यातला प्राणवायू संपतो त्यानेच कार्बन डायऑक्साइड वाढतो. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं म्हणून हे खालचं पाणी सहसा पृष्ठभागापर्यंत येत नाही, पण तळाशी राहणाऱ्याला वरच्या थराचा काय उपयोग? वर गटाराचं पाणी सोडलं की कुजणं वाढतं आणि तेच रसायन आणखी बिघडतं. तुमची लढाई आणि ही लढाई इथे एकत्र येतात.

मालवणी_मचवा

गटाराचा मुद्दा पटला, तो मी सभेत मांडेन. पण मग मोजायचं कसं ते सांगा. बाजारात मिळणारा पीएच मीटर घेतला तर चालेल का?

रसायनी

नुसत्या त्याने नाही होणार. संपृक्तता काढायला पीएच, एकूण क्षारता (पाण्याची आम्ल झेलायची ताकद, खारटपणा नव्हे), विरघळलेला एकूण अकार्बनी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडचा दाब या चारांतल्या किमान दोन गोष्टी लागतात. सोबत तापमान आणि खारटपणाही. स्वस्त मीटर खाऱ्या पाण्यात सहज ०.१ ने चुकतो, म्हणजे जो बदल शोधायचा तेवढीच चूक. पीएच आणि क्षारता ही जोडी कॉलेजच्या प्रयोगशाळेला झेपेल. क्षारता टायट्रेशनने निघते, पण नमुना घट्ट बुचाच्या काचेच्या बाटलीत, हवा न ठेवता भरायला हवा. पावसाळ्यात नदीच्या पाण्याने क्षारताच घसरते, म्हणून एकाच ठिकाणी, भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा घ्या. तळाजवळचा नमुना वेगळा. बायका कालवं फोडतात तो कातळ आणि तिसऱ्यांची वाळू अशा दोन जागा धरल्या तरी सुरुवात होईल.

रोखठोक

मोजायला माझा विरोध नाही. पण आकडे आले की वाळू उपशाच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदी त्याच तक्त्यात ठेवा. तिसऱ्या कशाने कमी झाल्या याचा निवाडा तेव्हाच करू. तोवर माझं मत तेच: कोकणातल्या खाडीला आज धोका ड्रेजरचा आहे.