मदत हवी आहे : जुना थ्रस्ट फॉल्ट ताणाखाली पुन्हा कसा सरकतो?

कोट्यवधी वर्षांपूर्वीचे थ्रस्ट फॉल्ट (दाबाखाली वरचा खडक खालच्यावर चढून सरकतो, त्या तिरप्या भेगा) पुन्हा सक्रिय होतात, हे वाचनात वारंवार येते; पण गणित मांडायला घेतले की उत्तर 'हे घडू नये' असेच येते. माझे कुठे चुकते आहे, हे जाणकारांनी दाखवून द्यावे, ही विनंती.

माझी समजूत अशी आहे. भूकवच दोन्ही बाजूंनी दाबले जाते तेव्हा सर्वांत मोठे प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील बल) आडवे असते आणि सर्वांत लहान उभे, कारण वरच्या बाजूला जमीन मोकळी असते व खडकाला तिकडे उचलले जाणेच सोपे जाते. घर्षणांक 0.6 धरला, तर फुटणारे पृष्ठ मोठ्या प्रतिबलाशी सुमारे 30 अंशांचा कोन करते, म्हणून थ्रस्टची नतीही (आडव्या पातळीशी होणारा उताराचा कोन) 30 अंशांच्या आसपास भरते. भूवैज्ञानिक अँडरसन यांनी 1905 मध्ये मांडलेली ही चौकट मला फार सुंदर वाटते. खडकाचा एवढा विस्तीर्ण थर न चुरडता सरकतो कसा, या कोड्याचे भूवैज्ञानिक हबर्ट आणि रुबी यांनी 1959 मध्ये दिलेले उत्तरही समजले : रंध्रांत कोंडलेल्या पाण्याचा दाब वरच्या थराचे बरेचसे वजन पेलतो आणि घर्षण घटते.

अडचण पुढे आहे. तोच प्रदेश नंतर ताणला जाऊ लागला, की मोठे प्रतिबल उभे होते आणि 30 अंश नतीचे जुने पृष्ठ त्याच्याशी 60 अंशांचा कोन करते. घर्षणांक 0.6 असताना सुमारे 59 अंशांपुढे पृष्ठ जखडले जाते. अशा वेळी 60 अंश नतीचा नवा फॉल्ट फुटणेच सोपे. तरीही स्कॉटलंडच्या उत्तरेकडील समुद्रात 1981 मध्ये घेतलेल्या 'मॉइस्ट' भूकंपीय छेदात (परावर्तित लहरींवरून काढलेल्या भूगर्भाच्या उभ्या चित्रात), आउटर आइल्स थ्रस्ट या जुन्या फॉल्टशी जोडल्या जाणाऱ्या तिरप्या पृष्ठावर नंतरच्या गाळाची खोरी बसलेली दिसतात. जखडलेले पृष्ठ हे कसे करू शकले?

प्रतिसाद १

आपले गणित बरोबर आहे. तपासायचे आहे ते गृहीतक. पूर्वी सरकलेले पृष्ठ आजूबाजूच्या खडकासारखे उरत नाही. घासल्याने खडक बारीक दळला जातो, त्यातून फिरणारे पाणी फेल्डस्पारचे अभ्रक आणि चिकणमाती खनिजांत रूपांतर करते, आणि ही पातळ पापुद्र्यांची खनिजे सरकण्याच्या दिशेलाच रांगेत बसतात. घर्षणांक 0.3 धरून पुन्हा मांडणी करून पाहा. 60 अंशांच्या कोनावर सरकण्यासाठी मोठ्या व लहान परिणामी प्रतिबलांचे (रंध्रांतील पाण्याचा दाब वजा करून उरणाऱ्या) गुणोत्तर सुमारे 2.4 लागते, उलट 0.6 घर्षणांकाच्या, सर्वांत सोयीच्या कोनातल्या पृष्ठालासुद्धा 3.1 लागते. म्हणजे गैरसोयीचा कोन असूनही जुना फॉल्टच आधी सुटतो.

दुसरे असे, की थ्रस्ट हे एकच सपाट पृष्ठ नसते. मऊ थरांतून ते जवळजवळ आडवे जाते आणि कठीण थरांतून पायरीसारखे चढते. ताणाखाली अनेकदा या चढत्या भागाचाच वापर होतो. त्यामुळे सरासरी नतीवरून निष्कर्ष काढू नये.

मूळ लेखक

मनापासून आभार. 0.6 हा आकडा मी अखंड खडक आणि जुना फॉल्ट या दोघांनाही सारखाच लावला होता, हे आता लक्षात आले. एक शंका उरते : दुसरी हालचाल झाली, हे प्रत्यक्ष खडकात कसे ओळखावे?

प्रतिसाद २

एकावर एक उमटलेल्या खुणा शोधाव्यात. खोल, उष्ण अवस्थेत बनलेला मायलोनाइट (ताणला जाऊन बारीक कणांचा झालेला खडक) नंतरच्या ठिसूळ भुग्याने कापलेला असेल आणि त्या भुग्यातील घर्षणरेषा (सरकताना उमटलेले ओरखडे) उलट दिशा दाखवत असतील, तर दोन हालचालींचा पुरावा मिळतो. भुग्यात नव्याने वाढलेल्या इलाइट या चिकणमाती खनिजाचे पोटॅशियम-आरगॉन पद्धतीने (किरणोत्सारी पोटॅशियमच्या क्षयावरून) वय काढता येते. मात्र मूळ खडकातील जुने अभ्रक मिसळले असेल, तर वय फसवे येते, म्हणून सर्वांत बारीक कण वेगळे करून मोजणे आवश्यक आहे. केवळ थरांच्या विस्थापनावर विसंबू नये : उलट दिशेची हालचाल पहिलीपेक्षा कमी असेल, तर फॉल्ट अजूनही निव्वळ थ्रस्टच दिसतो.